चुकीच्या रकान्यात पडलेला ताप : कापितचं प्रकरण

हे प्रकरण बोर्निओ बेटावरचं, मलेशियाच्या सारावाक राज्यातल्या कापित विभागाचं आहे. काळ साधारण १९९९ ते २००८ आणि त्यापुढची काही वर्षं. रुग्णांची आणि वस्त्यांची ओळख दिलेली नाही. संशोधकांची नावं प्रसिद्ध शोधनिबंधांतली असल्यानं तशीच ठेवली आहेत. हिवतापाच्या कामात असलेल्यांनी, त्यातही स्लाइड तपासणाऱ्यांनी, हे प्रकरण जरूर वाचावं. यातला सगळ्यांत मोलाचा निर्णय प्रयोगशाळेच्या टेबलावरच झाला.

एक खुलासा आधीच करतो. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २०१६ पासून ज्याचं नाव ऐकू येतं तो माकडताप वेगळा. तो विषाणूचा, गोचिडीच्या चाव्यातून येणारा. इथे बोलायचं आहे ते माकडांमधल्या हिवतापाबद्दल, जो डासामार्फत माणसात उतरतो. त्याच्या परजीवीचं नाव नोलेसी.

पार्श्वभूमी

कापित म्हणजे राजांग नदीचा वरचा भाग. ज्या काळाची ही हकिगत आहे त्या काळी तिथे जायला रस्ता नव्हता. सिबू शहरातून लाँच पकडायची आणि नदीनं वर जायचं. नदीच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठाला इबान लोकांची लाँगहाऊस असतात: खांबांवर उभं एकच लांबलचक घर, प्रत्येक कुटुंबाची खोली स्वतंत्र, आणि सगळ्या खोल्यांसमोरून जाणारी सामाईक ओसरी. वस्ती किती मोठी हे सांगायचं तर दारं मोजतात. इतक्या दारांचं लाँगहाऊस म्हटलं की तितकी कुटुंबं.

घर नदीकाठी असलं तरी पोट डोंगरावर. जंगल तोडायचं, वाळलं की जाळायचं, त्यात डोंगरी भात पेरायचं, दोन-चार वर्षांनी दुसरा तुकडा धरायचा. मिरी, रबर, शिवाय लाकूडतोड कंपन्यांच्या छावण्यांवरची मजुरी. शेत लांब असेल तर पेरणीच्या आणि कापणीच्या दिवसांत माणसं तिथेच खोप घालून राहतात. आपल्याकडे राखणीला माळ्यावर जाऊन राहतात, तसंच हे. या खोपीला इबान भाषेत लांगकाऊ म्हणतात. पुढच्या सगळ्या हकिगतीत ही खोप लक्षात ठेवावी लागेल.

हिवताप या भागाला नवा नव्हता. सरकारी कार्यक्रम जुना होता आणि चांगला चालला होता: घरांत फवारणी, औषध लावलेल्या मच्छरदाण्या, ताप आला की रक्ताची स्लाइड. फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स हे दोन नेहमीचे प्रकार हळूहळू कमी होत होते. मलेशियात हिवतापाचा रुग्ण सापडला की त्याला रुग्णालयात दाखल करून उपचार देण्याची पद्धत आहे. त्यामुळे कापितच्या रुग्णालयात नोंदी बऱ्यापैकी पूर्ण होत्या. ही शिस्त नसती तर पुढचं काहीच उघडकीला आलं नसतं.

अडचण

अडचण रजिस्टरमध्ये होती. माणसाला हिवताप देणारे चार प्रकार पाठ्यपुस्तकात असतात: फाल्सिपेरम, व्हायव्हॅक्स, मलेरी आणि ओव्हेल. १९९९ मध्ये कापित विभागातल्या हिवतापाच्या रुग्णांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्लाइडवरून मलेरी म्हणून नोंदला गेला होता.

मलेरी हा प्रकार स्वभावानं संथ. त्याचं चक्र ७२ तासांचं, म्हणून ताप एक दिवस येतो आणि मधले दोन दिवस सोडून पुन्हा येतो. रक्तातली परजीवींची संख्या कमी असते. पुष्कळ जणांना तो असल्याचं कळतही नाही, वर्षानुवर्षं अंगात राहतो. मलेरीनं कोणी गंभीर होऊन रुग्णालयात आडवा पडलाय, असं क्वचितच घडतं.

कापितच्या रुग्णांचं मात्र तसं नव्हतं. ते चांगले तापलेले होते. बहुतेक प्रौढ. स्लाइडवर परजीवींची गर्दी मलेरीला न शोभणारी. युनिव्हर्सिटी मलेशिया सारावाक या विद्यापीठातले बलबीर सिंग आणि जॅनेट कॉक्स-सिंग हे त्या वेळी हिवतापाच्या प्रकारांची ओळख पीसीआरनं पटवण्याचं काम करत होते. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब गाळणकागदावर वाळवून प्रयोगशाळेत न्यायचा आणि त्यातून परजीवीचा डीएनए वाढवून बघायचा, ही पद्धत सिंग यांच्या गटानं आधीच बसवली होती. कापितचे मलेरी नमुने या चाचणीतून गेले आणि मलेरीचा डीएनए निघालाच नाही. हिवताप आहे हे चाचणी सांगत होती. कोणता, ते सांगत नव्हती.

सूक्ष्मदर्शकाखाली एक गोष्ट, पीसीआरमध्ये दुसरी. प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. बहुतेक वेळा अशा प्रसंगी चाचणीलाच दोष दिला जातो, आणि निम्म्याहून अधिक वेळा तो दोष खराही असतो.

दुर्लक्षिलेले जुने इशारे

माकडांमधला नोलेसी हा परजीवी शास्त्राला १९३० च्या दशकापासून चांगला माहीत होता, आणि त्याचं पहिलं सविस्तर वर्णन आपल्या देशातलं आहे. सिंगापूरहून कलकत्त्याला आणलेल्या एका लांबशेपटी माकडाच्या रक्तात तो दिसला. कलकत्ता स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या रॉबर्ट नोल्स आणि बिराज मोहन दास गुप्ता यांनी १९३२ मध्ये त्याचं वर्णन केलं. बाधित रक्त टोचून माणसाला ही लागण होऊ शकते, हेही त्यांनी त्याच वेळी दाखवलं. नोल्स यांच्यावरूनच पुढे नाव पडलं. म्हणजे माणसाला हा हिवताप होऊ शकतो का, या प्रश्नाचं उत्तर कापितच्या जवळजवळ सत्तर वर्षं आधी मिळालेलं होतं. जंगलात, आपोआप, डास चावून होतो का, एवढंच बाकी होतं.

तेही १९६५ मध्ये कळलं. मलेशियाच्या द्वीपकल्पातल्या पाहांग राज्यात, जंगलात काम करून परतलेला एक अमेरिकी सर्वेक्षक तापानं आजारी पडला. स्लाइडवर निदान झालं मलेरी. त्याचं रक्त माकडांना टोचल्यावर लक्षात आलं की हा नोलेसी आहे.

यानंतर जे केलं गेलं ते वरकरणी अगदी योग्य होतं. त्या भागातल्या हजाराहून अधिक लोकांचं रक्त गोळा करून माकडांना टोचलं गेलं. एकाही माकडाला नोलेसी झाला नाही. निष्कर्ष निघाला की माणसात हा प्रकार अपवादानंच येतो, आणि विषय जवळपास तिथेच थांबला.

मला या सर्वेक्षणात एक खोट दिसते. जे गावात सापडले त्यांचं रक्त घेतलं गेलं. जंगलात गेलेला माणूस गावात नसतो आणि तापलेला माणूस दवाखान्यात असतो. नोलेसीचा ताप लपून राहणारा नाही, माणूस आजारी पडून उपचाराला जातो. निरोगी गावकऱ्यांत त्याला शोधणं म्हणजे तो नसण्याच्या जागी शोधणं. त्या काळी पीसीआर नव्हतं, माकडांना रक्त टोचणं हीच चाचणी होती, त्यामुळे साधनांबद्दल तक्रार नाही. नमुना कोणाकडून घ्यायचा, हे मात्र साधनांवर अवलंबून नव्हतं.

कोणते पर्याय समोर होते

२००० च्या सुमारास कापितच्या नमुन्यांपुढे बसलेल्या गटाकडे चार वाटा होत्या.

पहिली, काहीच न करण्याची. ही वाट वाटते तितकी बेजबाबदार नव्हती. मलेरी म्हणून नोंदलेले रुग्ण क्लोरोक्विन आणि प्रायमाक्विन घेऊन बरे होत होते. रुग्ण बरा होत असेल तर कागदावर त्याच्या जंतूचं नाव काय लिहिलंय, याची चिंता भरलेल्या वॉर्डातल्या डॉक्टरनं का करावी? कापितमध्ये चूक इतकी वर्षं टिकली त्यामागे मला हेच मुख्य कारण वाटतं. औषध लागू पडत होतं, म्हणून निदानाकडे कोणी परत वळून पाहिलं नाही.

दुसरी वाट, पीसीआरवर खापर फोडण्याची. वाळलेला रक्ताचा ठिपका, दमट हवा, नदीचा प्रवास, डीएनए खराब झाला असेल. पण त्याच नमुन्यांत हिवतापाच्या वंशाची सर्वसाधारण चाचणी लागत होती. डीएनए खराब झाला असता तर तीही लागली नसती. एवढ्या एका निरीक्षणावर ही वाट बंद झाली.

तिसरी वाट अशी मानण्याची, की हा मलेरीच आहे पण स्थानिक, बदललेला. चाचणीचे प्राइमर, म्हणजे ठरावीक प्रकारच्याच डीएनएला चिकटणारे छोटे तुकडे, त्याला पकडत नाहीत, इतकंच. हा अंदाज शास्त्रीयदृष्ट्या सभ्य होता आणि गटानं तो शेवटपर्यंत खुला ठेवला. यात धोका असा की नाव तेच राहतं, रजिस्टर तसंच राहतं आणि आजाराचा उगम माणसातच शोधत बसावं लागतं.

चौथी वाट, हा वेगळाच परजीवी असू शकतो असं धरून त्याची जनुकं वाचून बघण्याची. खर्च जास्त, वेळ जास्त, आणि निघालं काहीच नाही तर हसं.

काय केलं

गटानं चौथी वाट धरली, पण छोट्या पावलानं. मलेरी म्हणून ओळखलेले, २००० सालातले फक्त आठ नमुने घेतले. त्यांची दोन जनुकं वाचली: एक रायबोसोमच्या आरएनएचं, दुसरं परजीवीच्या आवरणातल्या प्रथिनाचं. दोन्हींचं उत्तर एकच आलं, नोलेसी. मग नोलेसीलाच पकडतील असे नवे प्राइमर तयार केले आणि तेव्हा कुठे मोठा पसारा मांडला.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पसारा मांडला असता तर शेकडो नमुन्यांवर चार जुन्याच चाचण्या लावून पुन्हा तेच कोडं हाती आलं असतं.

मार्च २००० ते नोव्हेंबर २००२ या काळात कापितमधल्या २०८ हिवताप रुग्णांचं रक्त तपासलं. त्यांतल्या १२० जणांत, म्हणजे ५८ टक्क्यांत, नोलेसी सापडला. मलेरी एकातही नाही. २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा आग्नेय आशियातल्या हिवतापाकडे पाहण्याची नजर बदलली. अपवाद म्हणून चाळीस वर्षं बाजूला ठेवलेला परजीवी एका विभागात हिवतापाचं सर्वांत मोठं कारण निघाला होता.

सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्यांची बाजूही इथे मांडली पाहिजे. नोलेसीची कोवळी अवस्था फाल्सिपेरमच्या अंगठीसारखी दिसते आणि पुढची अवस्था मलेरीच्या आडव्या पट्ट्यासारखी. पट्टा दिसला की मलेरी लिहायचं, हेच सगळ्यांना शिकवलेलं. कापितच्या तंत्रज्ञांनी कामात कसूर केली नव्हती. फॉर्मवर पाचवा रकाना नव्हता.

पुढचा प्रश्न होता, हा परजीवी माणसातून माणसात पसरतोय की दर वेळी माकडातूनच येतोय. याचं पहिलं उत्तर जनुकांआधी वस्तीच्या यादीनं दिलं. रुग्ण बहुतेक प्रौढ होते, आणि एकाच लाँगहाऊसमध्ये एकामागून एक अशी साखळी दिसत नव्हती. एकाच ओसरीवर संध्याकाळ काढणाऱ्या लोकांत माणसाकडून माणसाकडे जाणारा हिवताप असता तर मुलं आणि म्हातारी माणसंही यादीत भरपूर असती. घरातला एखादाच, शेतावर किंवा जंगलात जाणारा माणूस आजारी पडत होता.

मग डास पकडले गेले. लाँगहाऊसजवळ, शेतावर आणि जंगलात, माणसाच्या आणि माकडाच्या आमिषानं. कापितमध्ये वाहक निघाला अ‍ॅनोफिलिस लेटेन्स. हा डास झाडांच्या शेंड्यांवर माकडांना चावतो आणि जमिनीवर माणसांनाही. घरात शिरून मध्यरात्री चावणाऱ्यांतला हा नव्हे. त्याचं राज्य जंगल आणि शेत, वेळ अंधार पडल्यानंतरची.

माकडांचं रक्त तपासल्यावर चित्र पुरं झालं. कापितमधल्या लांबशेपटी आणि डुक्करशेपटी माकडांत नोलेसी मोठ्या प्रमाणावर होता, आणि त्याच्या प्रकारांची विविधता माणसांतल्यापेक्षा माकडांत जास्त होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामानुसार हा परजीवी आग्नेय आशियात माणूस वस्तीला येण्याआधीपासून तिथल्या माकडांत आहे.

चौघांचे मृत्यू आणि जुन्या स्लाइड

२००८ चा शोधनिबंध या प्रकरणातला सगळ्यांत जड कागद आहे. २००१ ते २००६ दरम्यान सारावाकच्या रुग्णालयांतून आलेल्या हिवतापाच्या ९६० नमुन्यांपैकी २६६ मध्ये नोलेसी निघाला. शेजारच्या साबाह राज्यातल्या ४९ पैकी ४१ नमुन्यांतही. आणि चार मृत्यू. चौघेही प्रौढ, रक्तात परजीवींची बेसुमार गर्दी, आणि निदान मलेरी.

हा मृत्यू कसा होतो ते समजायला चक्राचा हिशेब पुरे. मलेरीचं चक्र ७२ तासांचं, व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरमचं ४८ तासांचं, नोलेसीचं २४ तासांचं. बाधित पेशी फुटली की तिच्यातून सोळापर्यंत नवे परजीवी बाहेर पडतात, आणि हे रोज. आज संध्याकाळी बसून बोलणारा रुग्ण परवा सकाळी मूत्रपिंडं आणि फुप्फुसं कोलमडलेल्या अवस्थेत असू शकतो. कागदावर मलेरी असेल तर, संथ आजार आहे, गोळ्या चालू आहेत, उद्या बघू, असं वाटणं साहजिक आहे. पहिल्या पर्यायाची खरी किंमत इथे कळते. बहुतेक रुग्ण क्लोरोक्विननं बरे होत होते, हे खरंच होतं. उरलेल्यांना घाईची गरज होती आणि मलेरी या नावात घाई नव्हती.

त्याच सुमारास आणखी एक शंका निकालात काढली गेली. आजार खरंच नव्यानं उगवला की दिसायला नव्यानं लागला? सारावाकमध्ये १९९६ सालच्या, मलेरी म्हणून नोंदलेल्या स्लाइड जपून ठेवलेल्या होत्या. काचेवरून वाळलेलं रक्त खरवडून त्यातून डीएनए काढला गेला. ३६ नमुन्यांतून डीएनए मिळाला, त्यांपैकी ३५ नोलेसी. पहिल्या शोधनिबंधाच्या आठ वर्षं आधी तो तिथे होता, आणि एका विभागापुरता मर्यादितही नव्हता. स्लाइड ठरावीक काळानं फेकून देण्याचा नियम अनेक ठिकाणी असतो. सारावाकनं त्या ठेवल्या म्हणून हा पुरावा मिळाला.

निष्पत्ती

उपचाराच्या बाजूनं सुधारणा लवकर झाली. कापितच्या रुग्णालयात जुलै २००६ ते जानेवारी २००८ दरम्यान पीसीआरनं खात्री केलेल्या १०७ रुग्णांचा बारकाईनं अभ्यास झाला. सुमारे साडेसहा टक्के गंभीर झाले, दोघे दगावले. दाखल होताना किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत प्रत्येक रुग्णाच्या प्लेटलेट घसरलेल्या होत्या. जिथे पीसीआरचा अहवाल यायला दिवस लागतात तिथे ही साधी रक्तचाचणी मोठा आधार ठरते: स्लाइडवर पट्टा, जंगलातलं काम आणि घसरलेल्या प्लेटलेट हे तिन्ही जुळले की नोलेसी धरून चालायचं.

मलेशियात स्लाइडवर मलेरीसारखं दिसणारं काहीही नोलेसी समजून हाताळायची आणि पीसीआरनं खात्री करायची रीत रुळली. गंभीर रुग्णाला शिरेतून आर्टेसुनेट लवकर सुरू करण्यावर भर आला. सौम्य रुग्णांसाठी २०१६ मध्ये साबाहमधल्या चाचणीचे निकाल आले: आर्टेसुनेट आणि मेफ्लोक्विनच्या जोडगोळीवर २४ तासांत ८४ टक्के रुग्णांचं रक्त परजीवीमुक्त झालं, क्लोरोक्विनवर ५५ टक्क्यांचं. झटपट निकाल देणारी किट मात्र नोलेसीला भरवशाची नाहीत. लांबच्या वस्तीतल्या आरोग्य सेवकाच्या हातात असतं ते हेच साधन, त्यामुळे ही उणीव छोटी नाही.

प्रतिबंधाची बाजू लंगडी राहिली. २०१८ पासून मलेशियात माणसाकडून माणसाकडे पसरणारा स्थानिक हिवताप शून्यावर आला. कौतुकाचीच कामगिरी. त्याच वर्षी नोलेसीचे रुग्ण चार हजारांच्या वर होते आणि मृत्यूही होत राहिले. म्हणजे देशातल्या हिवतापाचा जवळजवळ सगळा भार आता माकडाकडून येतो. निर्मूलनाच्या हिशेबात तो वेगळ्या वहीत मांडला जातो. प्राण्यातून येणारा आजार फवारणी आणि मच्छरदाणीच्या जोरावर संपत नाही, त्यामुळे वेगळ्या वहीला शास्त्रीय आधार आहे. पण शून्याचा आकडा वर छापला की खालची वही कोण उघडतं, अशी शंका मला येत राहते.

वाढ खरी किती आणि नजर सुधारल्यामुळे दिसणारी किती, हा वाद अजून आहे. माझं मत असं की दोन्ही आहे. जुन्या स्लाइड सांगतात की आजार होताच. साबाहच्या कुदात आणि कोटा मारुदू जिल्ह्यांतल्या चारशेहून अधिक गावांचा अभ्यास सांगतो की ज्या गावांभोवतीचं जंगल जास्त तुटलं तिथे नोलेसीचं प्रमाणही जास्त. जंगल तुटलं की माकडं काठावर येतात, डासांना नवी डबकी मिळतात, आणि तोडणाऱ्या, जाळणाऱ्या, पाम लावणाऱ्या माणसांचा दिवस त्याच काठावर जातो.

निर्णयाच्या जागा, आणि काय वेगळं करता आलं असतं

माकडं मारावीत, ही सूचना असा आजार आला की कुठून तरी येतेच. बोर्निओच्या जंगलात ते शक्य नाही आणि उपयोगाचंही नाही. बिथरलेले कळप पांगतात आणि आजार नव्या जागी नेतात. ही वाट न धरणं योग्यच होतं.

१९९९ च्या आधी काय करता आलं असतं? पीसीआरशिवायही बरंच. ज्या विभागात पाचवा हिस्सा रुग्ण मलेरीचे आहेत तिथे हे रुग्ण वयानं केवढे, कामानं कोण आणि परजीवी किती, एवढे तीन स्तंभ शेजारी शेजारी मांडले असते तरी विसंगती दिसली असती. ही माहिती रुग्णालयात होती. परजीवींची संख्या एका कागदावर, प्रकार दुसऱ्या, व्यवसाय तिसऱ्या. त्यांची गाठ घालण्याचं काम कोणाच्याच नावावर नव्हतं. मासिक अहवालात फक्त प्रकारवार बेरीज वर जायची, आणि बेरजेत पट्टेवाला परजीवी सुखानं बसला होता.

दुसरी जागा २००४ आणि २००८ च्या मधली. नोलेसी ५८ टक्के आहे हे छापून आल्यावरही तो किती घातक हे कळायला चार वर्षं आणि साठवलेलं रक्त लागलं. मलेरीनं मृत्यू, अशी नोंद हीच धोक्याची घंटा मानून त्या नोंदी आधी उपसल्या असत्या तर गंभीर रुग्णांबद्दलची सूचना लवकर निघाली असती. त्या काळच्या माणसांना हे आज सांगणं सोपं आहे, हे मान्य. तरी न जुळणाऱ्या मृत्यूपासून मागे जात तपास करण्याची सवय कोणत्याही साथरोग पथकाला परवडणारी आहे. तिला यंत्र लागत नाही.

भारतापुरतं बोलायचं तर अंदमान-निकोबारमधल्या नमुन्यांत नोलेसीचा डीएनए सापडल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं आहे, आणि निकोबारमध्ये लांबशेपटी माकडं आहेत. महाराष्ट्रात ती नाहीत. त्यामुळे गडचिरोलीच्या स्लाइडवर पट्टा दिसला की नोलेसी शोधत बसण्याचं कारण नाही. बेटांवर काम करून परतलेल्या तापाच्या रुग्णाला मात्र प्रवासाबद्दल विचारायलाच हवं, आणि तो जंगलात राहिला होता का, हेही.

तिसरी जागा अजून उघडी आहे, खोपीची. मच्छरदाणी अंथरुणावर असते आणि डास चावतो तो माणूस अंथरुणावर पडण्याआधी, चूल पेटवताना, नदीवर अंघोळ करताना, शेतावरून परतताना. या कारणानं बराच काळ घराच्या भिंतींवरची फवारणीही नोलेसीपुढे निरुपयोगी धरली जात होती. साबाहमध्ये रुग्ण आणि निरोगी शेजारी यांची तुलना करणारा अभ्यास २०१७ मध्ये आला, तेव्हा थोडं वेगळं दिसलं. शेतीचं आणि मळ्यावरचं काम करणाऱ्या, बाहेर झोपणाऱ्या प्रौढ पुरुषांना धोका जास्त, हे अपेक्षित होतं. पण फवारणी झालेल्या घरांत धोका कमी होता. म्हणजे काही चावे घराच्या आसपासही होत असणार, आणि जुना हिवताप शून्यावर आला म्हणून फवारणीचा खर्च आवरता घेण्याआधी दोनदा विचार करायला हवा.

शेतावरच्या खोपीला याचा फायदा मिळत नाही. तिला बहुतेक वेळा औषध मारण्याइतक्या भिंतीच नसतात, आणि दोन हंगामांनी ती दुसऱ्या तुकड्यावर जाते. तिथे झोपणाऱ्यांसाठी औषध लावलेले कपडे आणि पांघरुणं, अंगाला लावायचं डासरोधक मलम आणि पेरणी-कापणीच्या महिन्यांत शेताच्या जवळपास रक्ततपासणीची सोय, एवढेच पर्याय हातात उरतात. त्यातला शेवटचा मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण २४ तासांच्या चक्रात दवाखान्यापर्यंत पोचायला लागलेला प्रत्येक दिवस मोजावा लागतो.